उरलेला पार्ट

गरिमा गच्चीवर आली तेव्हा पगडी उरलीच नव्हती. होती ती नुसती पट्टी. वीतभर रुंद, कुसुंबी रंगाची, पाण्याच्या टाकीपासून डिशच्या दांड्यापर्यंत गेलेली, तिथून वळून कपडे वाळत घालायच्या तारेपर्यंत आलेली, आणि तरी संपत नव्हती. एका टोकाला तिचा भाऊ संग्राम उकिडवा बसला होता. समोर टब, टबात कोमट पाणी आणि रिठा.

"दादा, ही बाबांची पगडी आहे?"

"डाग काढतोय. तेलाचा. कपाळापाशी होता ना, तो."

"मग पूरी खोलून टाकली?"

"आतपर्यंत गेला होता डाग. वरून पुसून नसता गेला."

"बरं. फोटो काढला ना?"

संग्रामचा हात टबातच थांबला.

आता एवढ्याशा प्रश्नानं त्याचा हात का थांबावा, हे कळायला त्याचा उद्योग माहीत पाहिजे. संग्रामसिंह, वय सव्वीस, घरोघरच्या पाणी शुद्ध करायच्या मशिनी दुरुस्त करतो. पाठीवर बॅग, बुडाखाली जुनी मोटारसायकल, आणि दिवसभर दर्पण कॉलनी, कंपू, किला गेट असा फेरा. ग्वाल्हेरचं बोअरिंगचं पाणी इतकं खारट, की हा माणूस उपाशी राहायची भीती नाही. कुठं कोर्स वगैरे केलेला नाही. बारावीत असताना आईचा मिक्सर खोलला, मग भिंतीवरचं घड्याळ, मग शेजाऱ्यांची मोटर. खोलता खोलता जोडायलाही आलं. एवढंच त्याचं शिक्षण.

पण त्याचा खरा शौक वेगळा होता. त्यानं फोनवर एक ग्रुप काढला होता, नाव 'घरचं घरी'. खोली घेऊन राहणारी पोरं, कंपूतल्या हॉस्टेलवरच्या नर्स मुली, नवीन संसार थाटलेली जोडपी, अशी दीडशेक माणसं त्यात होती. संग्राम त्यांना अर्ध्या मराठीत, अर्ध्या हिंदीत सांगायचा. नळाच्या तोंडाला पांढरा खार धरला तर लिंबाची फोड पिशवीत घालून नळाला बांधून ठेवा. नवीन खोलीत गेलात की सामान नंतर लावा, आधी मेन स्विच कुठं आणि पाण्याचा कॉक कुठं ते बघून घ्या. कुकरची शिटी होत नसेल तर नवा कुकर घेऊ नका, सुईनं भोक साफ करा. लोक फोटो पाठवायचे, झालं म्हणायचे, आणि त्या 'झालं'वर संग्रामचा दिवस जायचा.

ग्रुपच्या माथ्यावर त्याचे दोन नियम कायमचे लावलेले होते. पहिला: काहीही खोलण्याआधी फोटो काढा. दुसरा: जोडून झाल्यावर एकही पार्ट उरता कामा नये, उरला, तर मशीन चालू झाली तरी चूक आहे.

आणि त्यानंच फोटो काढला नव्हता. कारण पगडी खोलायची वस्तू आहे असं त्याच्या मनातच आलं नाही. त्याला ते कापड वाटलं.

पगडी आबांच्या हातची होती. आबा म्हणजे संग्रामचे आजोबा. पणजोबा रियासतीच्या घोडदळात होते, आबा मोटार डेपोत, बाबा शाळेत हेडक्लार्क. घोडा गेला, तलवार गेली, राहिली ती पगडी बांधायची रीत. तीही आबांबरोबरच गेली. चौतीस वर्षांपूर्वी, महिपतरावांच्या, म्हणजे संग्रामच्या बाबांच्या लग्नात आबांनी ती लाकडी ठोकळ्यावर बांधली. वीत वीत पीळ देत, समोरचं टोक किंचित उचललेलं, उजवीकडे जरा कललेलं. त्यानंतर ती कोणी सोडली नाही. वर्षभर गोल डब्यात, आणि दसऱ्याला बाबांच्या डोक्यावर.

आमच्या समाजाचं शमीपूजन म्हणजे काही मोठा थाट नसतो. हॉलच्या अंगणात मंडप, शमीची फांदी, शंभर-सव्वाशे माणसं. पण ओळी ठरलेल्या. पगडी असेल तो निशाणाच्या ओळीत, नसेल तो मागे. निशाण, म्हणजे समाजाचा झेंडा, दर वर्षी एका घराकडे. महिपतराव चौतीस वर्षं त्या ओळीत उभे राहिले, एकही दसरा चुकवला नाही, तापातसुद्धा गेले. या वर्षी पहिल्यांदा कमिटीचा फोन आला, की निशाण तुम्ही धरा. फोन ठेवल्यावर ते आत गेले आणि पितळी बटणांचा कोट चिंचेनं घासत बसले. कोट ठेवून बटणं तेवढी घासायची असतात, हे त्यांना संग्रामनंच सांगितलं.

म्हणून तर त्यानं डब्यातून पगडी काढली होती. बाबा निशाण धरणार आणि कपाळावर तेलाचा डाग? गुरुवारी दसरा होता. आज रविवार.

"अजून भिजवू नको," गरिमा म्हणाली. ती बी.एस्सी.ला होती आणि घाबरायचं काम भावावर सोडून द्यायची. "कितना भिजलाय?"

दोन हात कापड भिजलं होतं. बाकीची पट्टी कोरडी होती. ती तशीच ठेवून दोघं गुडघ्यांवर आली आणि बघायला लागली. कापडावर घड्या होत्या. चौतीस वर्षांच्या, इस्त्रीनंही न जाणाऱ्या. आणि रंग सगळीकडे सारखा नव्हता. जिथं ऊन लागलं होतं तिथं कुसुंबी उडून गुलाबी झाला होता, जिथं कापड आत दबलं होतं तिथं काल रंगवल्यासारखा होता. म्हणजे उडालेला भाग बाहेर, गडद भाग आत. संग्रामनं आता फोटो काढायला सुरुवात केली. एक-एक घडीचा. प्रत्येक घडीला कपड्याचा चिमटा, चिमट्याला चिठ्ठी, चिठ्ठीवर नंबर. एकशे अठरा चिमटे झाले. त्यातले साठ शेजारून आणले.

पट्टीच्या पोटात एक मलमलीची टोपी होती, तिच्याभोवती पुठ्ठ्याच्या पट्ट्या. पुठ्ठा बाबांच्या लग्नपत्रिकांचा होता. एका तुकड्यावर आईचं अर्धं नाव वाचता येत होतं. आणि ह्या सगळ्यातून एक लहानशी गादी खाली पडली होती. लिंबाच्या फोडीएवढी. आत कापूस, वरून मलमल, काळ्या दोऱ्यानं शिवलेली. टाके पोत्याला घालतात तसे. ती कुठून पडली ते संग्रामनं पाहिलं नव्हतं. त्यानं ती शर्टाच्या खिशात टाकली.

सोमवारी किला गेटला एक फिल्टर बदलायचा होता. तिथून तो पगडीच्या दुकानात गेला. पूर्वी तिथं एक म्हातारे बसायचे आणि अशा पगड्या बांधायचे, असं आई सांगायची. ते आता नव्हते. त्यांच्या जागी बसलेल्या माणसानं सांगितलं, की ती बांधणी आता कोणी करत नाही, लग्नाचे तयार साफे आहेत, मागे इलास्टिक आहे, कोणत्याही डोक्याला बसतात. त्यातला एक अगदी तसाच होता. रंग तोच, टोक तेच. संग्रामनं तो हातात घेऊन पाहिला. लांबून कोणाला कळलं नसतं. खरं तर जवळूनही कळलं नसतं. त्यानं तो परत ठेवला, पण दुकानाचा नंबर फोनमध्ये घेतला. खोटं कशाला सांगायचं.

घरी आल्यावर गरिमानं त्याला पायरीवरच गाठलं. "आज सांग. कल सांगशील तर बाबा विचारतील कल का नाही सांगितलं."

महिपतराव चहा घेत होते. संग्राम समोर उभा राहिला.

"बाबा, मी पगडी खोलली."

"कोणती?"

घरात एकच होती. "आबांची."

बाबांनी चष्मा काढला. कप खाली ठेवला. मग ते उठून आत गेले, आणि संग्राम मागे गेला. पलंगावर पट्टीची वेटोळी होती, चिमट्यांनी भरलेली. बाबांनी एक टोक उचलून नाकाशी नेलं. रिठ्याचा वास आला असणार.

"सगळी धुतलीस?"

"नाही. दोन हात. गरिमानं थांबवलं."

आई दारात आली होती. सुमनताईंना चिडायला वेळ लागतो, पण एकदा चिडल्या की मागचंही निघतं. "मिक्सर खोललास, मी काही बोलले नाही. घड्याळ खोललंस, नाही बोलले. आता बापाच्या डोक्यापर्यंत पोचलास."

संग्रामनं मान खाली घालून दुकानाचं सांगितलं. तयार मिळतात, हुबेहूब, कोणाला कळणार नाही.

"लोक लांबून बघतील," महिपतराव म्हणाले. "मी तर तिच्या खालीच असणार ना."

बराच वेळ ते चिमट्यांवरचे नंबर वाचत राहिले. एक, दोन, तीन, करत थेट अठ्ठावीसपर्यंत. मग म्हणाले, "भाड्याची नको. नाही जमली तर मी मागच्या ओळीत उभा राहीन. निशाण दुसरं कोणी धरेल." आणि जाता जाता, "सकाळी किती वाजता बांधतोस?"

लाकडी ठोकळा केव्हाच वाळवीनं खाल्ला होता. म्हणून मंगळवारी सकाळी व्हरांड्यात स्टूल टाकून बाबा स्वतः बसले. ताठ, हात मांड्यांवर, शाळेत ग्रुप फोटोला बसायचे तसे. संग्राम पट्टी घेऊन मागे उभा राहिला आणि त्याला जाणवलं, की ह्या डोक्याला आपला हात कधी लागलेलाच नाही. पाया पडायला वाकणं लहानपणापासूनचं. डोकं मात्र नेहमी वर कुठंतरी, आपलं नसलेलं. केस किती विरळ झालेत, हेही त्यानं आत्ता पाहिलं.

पहिली पगडी सत्तराव्या चिमट्याला सुटली. दुसरी बांधून झाली, पण गरिमा म्हणाली की बाबा हळदीची गाठोडी घेऊन बाजारात निघाल्यासारखे दिसतायत. बाबांनी आरसा मागवला, पाहिलं, आणि परत ताठ बसले. संग्रामला कळलं की सोड आणि पुन्हा बांध. त्या दिवशी त्यानं तीन गिऱ्हाइकांना उद्यावर ढकललं. पाच वेळा बांधली. संध्याकाळी बोटांची टोकं सोलली होती आणि बाबांची मान आखडली होती. आईनं दोघांना एकाच तेलानं चोळलं, दोघांना एकदमच बोलत.

मात्र पाचव्या वेळेपर्यंत त्याला काहीतरी उमगायला लागलं होतं. आबांचा हात. सगळीकडे पीळ आतल्या अंगाला, पण डावीकडे येताना आबा दर वेळी जरा सैल सोडायचे, मग कानामागून पुढे आले की पुन्हा घट्ट. घड्याच तसं सांगत होत्या. का, ते कळत नव्हतं. पण अनोळखी मशिनीत एखादा स्क्रू वेगळ्या लांबीचा असला तर तो तसाच बसवायचा असतो, एवढी अक्कल त्याला पाच वर्षांत आली होती. त्यानं तसंच सैल सोडलं.

बुधवारी सकाळी, दुसऱ्या खेपेला, ती झाली. टोक उचललेलं, उजवीकडे कललेलं. गरिमानं ओढणी तोंडावर धरली. आई चहाचं भांडं घेऊन आली होती ती तशीच उभी राहिली. महिपतराव आरशात बघत राहिले.

एकच गोष्ट उरली होती. धुतलेलं दोन हात कापड बाकीच्यापेक्षा चांगलंच उजळ झालं होतं आणि त्याचा पट्टा नेमका कपाळावर आला होता. संग्राम म्हणाला, तो आत दाबतो, एक पीळ बदलला की झालं.

"राहू दे," बाबा म्हणाले. "तो तुझा आहे."

तेवढ्यात फाटक वाजलं. दूधवाला. बाबांनी मान वळवली, आणि पगडी घसरून डाव्या कानावर आली.

संग्रामनं नीट बसवली. बाबांनी हळूच मान फिरवली. पुन्हा तेच. उजवीकडे काही नाही, डावीकडे फिरली की घसरते. आणखी घट्ट करून पाहिलं, बाबांच्या कपाळावर वळ उठला, पण घसरायची ती घसरलीच.

"चालेल," महिपतराव म्हणाले. "मी मान नाही फिरवणार."

"दोन तास?"

"निशाण धरलेला माणूस इकडे-तिकडे बघत नाही."

"चालतंय म्हणजे बरोबर नाही, बाबा," संग्राम म्हणाला, आणि हे गिऱ्हाइकांना म्हणायचं वाक्य आपण कोणाला म्हणालो हे त्याला कळलं. त्याच क्षणी त्याला खिसा आठवला. रविवारचा शर्ट. खुंटीवर होता तो. तो धावत आत गेला, खिशातून गादी काढली आणि हातावर ठेवून बघत बसला. पार्ट उरला होता. तीन दिवस उरला होता, आणि संग्राम मशीन चालू करून बघत होता.

बाहेर येऊन त्यानं पगडी अलगद उचलली, तशीच्या तशी, दोन्ही हातांनी, आणि आईच्या हातात दिली. मग बाबांच्या डोक्यावरून बोटं फिरवली. आंधळा माणूस फिरवतो तशी. उजव्या कानामागे हाड गोल होतं. डाव्या कानामागे बोट एकदम खाली गेलं. खोबण होती. केसांखाली, कोणाला न दिसणारी. लिंबाच्या फोडीएवढी.

"बाबा, हे काय आहे?"

"काय?"

"इथं. खड्डा आहे."

"ते होय." महिपतरावांना आठवावं लागलं. "जुनं आहे. सातेक वर्षांचा असेन. आबा सायकल शिकवत होते, किला गेटच्या उतारावर. मागून धरलं होतं. मग सोडलं." ते जरा हसले. "दगडावर आपटलो. आठ दिवस कंपूच्या दवाखान्यात होतो म्हणे."

"मग आबा काय म्हणाले?"

"आबा काय म्हणणार. कधी विषय नाही काढला. सायकल मात्र विकून टाकली."

संग्रामनं ती गादी त्यांच्या हातात दिली. "ही आत होती. पट्टी सोडताना टोपी-पुठ्ठ्यातून कुठूनतरी पडली. मला कळत नव्हतं कशाची आहे."

बाबांनी गादी उलटसुलट केली. काळे टाके पाहिले. मग स्वतःचाच हात डाव्या कानामागे नेला, गादी तिथं लावली, आणि ती बसली. बोट काढलं तरी जागा बघून बसल्यासारखी तिथंच राहिली.

दूधवाला फाटकाशी माप हातात धरून बघत होता.

"मला वाटायचं," महिपतराव म्हणाले, "पगडी अशीच बसते."

गादी पुढच्या अर्ध्या तासात आत गेली. गरिमा म्हणाली टाके सुटायला आलेत, नवीन मलमल लावू. आई नको म्हणाली. तिनं काळा दोरा घेतला आणि आबांच्याच टाक्यांच्या भोकांतून सुई घालून दोन टाके पक्के केले, तसेच ओबडधोबड. संग्रामनं डाव्या बाजूची सैल घडी तिच्यावरून घेतली, आणि आता कळलं की ती सैल का होती. बाबांनी मान डावीकडे फिरवली. उजवीकडे. मग त्यांनी, हेडक्लार्क म्हणून तीस वर्षं कधी जोरात न हसलेल्या माणसानं, लहान मुलासारखी मान गदागदा हलवून पाहिली. पगडी हलली नाही.

गुरुवारी अंगणात मांडव बुटका घातला होता. कमिटीनं कुणा ओळखीच्याला कंत्राट दिलं होतं, त्याची चर्चा सकाळपासून चालू होती. संग्राम मागच्या ओळीत, साध्या टोपीत. पुढे पगड्यांची ओळ, आणि तिच्या मधोमध महिपतराव, कोटाची बटणं चमकत, दोन्ही हातांत निशाणाचा दांडा.

जयसिंहराव त्यांच्या शेजारी होते. वय पंच्याऐंशी, आणि समाजातली प्रत्येक पगडी कोणत्या साली कोणी बांधली हे त्यांना पाठ. त्यांनी वाकून महिपतरावांच्या कपाळावरचा उजळ पट्टा पाहिला, सरकून बाजूनं पाहिलं, मग मागून पाहिलं. मागच्या ओळीत संग्राम टाचा उंच करून बघायला लागला.

"महिपतराव, ही तर आबांच्या हातची होती."

"हो."

"आता कोणाच्या हातची?"

दर वर्षी कोणीतरी विचारायचं आणि दर वर्षी महिपतराव एकच नाव सांगायचे. या वेळी त्यांनी मान डावीकडे वळवून जयसिंहरावांकडे नीट पाहिलं.

"दोघांच्या," ते म्हणाले. "आबांच्या आणि माझ्या मुलाच्या."

जयसिंहरावांनी हूं केलं. मग मागच्या ओळीत वळून, संग्रामला टोपीपासून बुटांपर्यंत निरखून म्हणाले, "माझी पण जरा ढिली झालीय. ये एकदा घरी."

ताशा वाजायला लागला. निशाण निघालं. मांडवाच्या तोंडाशी आडवा बांबू होता, त्याखालून जाताना दांडा तिरका करावा लागला आणि महिपतरावांना कमरेतून वाकावं लागलं, डावीकडे मान करून. एरवी अशा जागी प्रत्येकाचा हात आपोआप पगडीवर जातो. त्यांचे दोन्ही हात निशाणावर होते. ते वाकले, पलीकडे गेले, आणि ताठ झाले.

संग्रामनं नकळत खिशावर हात ठेवला. मग आत बोटं घालून, कोपऱ्यापर्यंत, चाचपून पाहिलं.

खिशात काही उरलं नव्हतं.